एका नाकपुडीचा आजार, तपासण्या होऊनही निदान नाही : पुन्हा बायॉप्सी करावी की थांबावे?

उंबरठा (धागाकर्ती)

आमचा मोत्या ९ वर्षांचा, मध्यम बांध्याचा आणि लांब नाकाचा मिश्र जातीचा कुत्रा आहे. काही महिन्यांपासून त्याची फक्त उजवी नाकपुडी वाहते आहे. आरंभी स्राव पाण्यासारखा होता, पुढे तो घट्ट आणि पिवळट झाला आणि अलीकडे जोरात शिंकल्यावर त्यात रक्ताचे धागे दिसू लागले. झोपेत त्याच्या श्वासाला घरघर येते, आणि मधूनच मान ताणून तो नाकाने जोरजोरात हवा आत ओढू लागतो, ज्याला उलटी शिंक म्हणतात. नाकासमोर थंड काच धरली तर उजव्या बाजूची वाफ डावीपेक्षा कमी उमटते. एवढे सोडले तर त्याचे खाणे, फिरणे आणि दारात कोणी आले की भुंकणे पूर्वीसारखेच चालू आहे, आणि निर्णय अवघड होण्याचे एक कारण तेच आहे.

आतापर्यंत झालेल्या तपासण्या अशा. रक्ताची तपासणी, प्लेटलेटची संख्या आणि रक्त गोठण्याचा वेळ हे सर्व योग्य आहे. गोचिडांमुळे होणाऱ्या तापाची तपासणी नकारार्थी आली आणि रक्तदाबही ठीक आहे. भूल देऊन दातांचे एक्स-रे काढले, कारण वरच्या सुळ्याच्या मुळाशी पू झाला तर तो नाकात उतरू शकतो, असे डॉक्टरांनी सांगितले होते. तेथेही काही सापडले नाही. त्यानंतर सीटी स्कॅन, दुर्बिणीने नाकाची तपासणी आणि बायॉप्सी या तिन्ही गोष्टी एकाच भुलीत करण्यात आल्या. स्कॅनमध्ये उजव्या बाजूची आतली नाजूक वळणदार हाडे काही ठिकाणी झिजलेली दिसली, पण स्पष्ट गाठ दिसली नाही, आणि नाक व मेंदू यांच्यामधले चाळणीसारखे हाड शाबूत आहे. दुर्बिणीतून सूज आणि चिकट स्राव दिसला, बुरशीचे थर दिसले नाहीत. बायॉप्सीच्या अहवालात ‘दीर्घकालीन दाह, लिंफोसाइट आणि प्लाझ्मा पेशींची (दाहात जमणाऱ्या पांढऱ्या पेशींची) वाढ’ एवढेच लिहिले आहे.

डॉक्टरांच्या मते आता तीन शक्यता उरतात : कारण न सापडणारा दाह, नमुन्यात न आलेली गाठ किंवा लपून राहिलेली बुरशी. पुन्हा भूल देऊन नमुने घ्यावेत, दाह समजून औषध सुरू करावे किंवा काही आठवडे केवळ लक्ष ठेवावे, असे तीन मार्ग त्यांनी समोर ठेवले आणि तिन्हींच्या मर्यादाही सांगितल्या. आमच्या घरात मतभेद आहेत. माझ्या सासऱ्यांना वाटते की, नाव कळावे म्हणून मुक्या जनावराला पुन्हा टेबलावर झोपवणे हा आपल्या मनाच्या समाधानाचा भाग झाला. मला वाटते की, काय आहे हे कळल्याशिवाय औषध देणे म्हणजे अंदाजाने चालणे. ज्यांनी अशा प्रसंगी निर्णय घेतला आहे, त्यांनी तो कशाच्या आधारावर घेतला, हे वाचायला मला आवडेल.

रानवाट

आमच्या कुत्रीला दोन्ही नाकपुड्यांचा असाच दीर्घकालीन दाह होता आणि तो तिच्या अखेरपर्यंत राहिला, पण ती त्या आजाराने गेली नाही. मला एकच गोष्ट आवर्जून सांगायची आहे. प्रतिजैविके सुरू केली की आठवडाभरात स्राव कमी होतो, घरातले सगळे सुटकेचा श्वास सोडतात, आणि गोळ्या संपल्या की सर्व काही पूर्ववत होते. याचे कारण असे की मूळ आजार कोणताही असला, तरी सुजलेल्या नाकात जिवाणूंचा दुय्यम संसर्ग होतोच आणि औषधाने तेवढाच भाग निवळतो. म्हणून प्रतिजैविकांनी बरे वाटले यावरून आजार जिवाणूंचा होता असा निष्कर्ष काढू नये, आणि त्या आधारावर तपासण्या पुढेही ढकलू नयेत. नाकाच्या स्रावाचे कल्चर, म्हणजे त्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याची तपासणी, आम्हीही करून घेतले होते. त्यात बरेच जिवाणू उगवले, पण निरोगी कुत्र्याच्या नाकातही ते असतातच, त्यामुळे त्या अहवालाचा निर्णयाला काही उपयोग झाला नाही.

घरच्या घरी उपयोग झाला तो मिठाच्या निर्जंतुक पाण्याच्या नेब्युलायझरचा. घट्ट स्राव सैल होतो आणि शिंकेबरोबर बाहेर पडतो. नाकावर वाळलेली खपली कोमट पाण्याने भिजवून काढावी, ओढून काढू नये. नाक चोंदलेल्या कुत्र्याला वास येत नाही आणि वास आला नाही तर त्याचे खाणे कमी होते, म्हणून अन्न किंचित गरम करून दिले तर फरक पडतो. माणसांचे नाक मोकळे करणारे थेंब मात्र कुत्र्याला चुकूनही घालू नयेत. ऑक्सिमेटाझोलीन आणि झायलोमेटाझोलीन ही त्यांतली द्रव्ये कुत्र्यांना विषारी ठरतात. आयबुप्रोफेनसारख्या माणसांच्या वेदनाशामकांबद्दलही तेच.

पशुवैद्यक

मी लहान प्राण्यांची चिकित्सा करतो. न तपासलेल्या रुग्णाविषयी निदान करणे योग्य नाही, त्यामुळे पुढील मजकूर तुमच्या डॉक्टरांशी बोलताना विचारायचे प्रश्न म्हणूनच वाचावा.

बायॉप्सीत केवळ दाह आढळला, तर त्याचा अर्थ ‘दाह आहे’ एवढाच होतो. ‘दाहाशिवाय दुसरे काही नाही’ असा होत नाही. गाठीच्या भोवतीचे अस्तर सुजलेले असते, आणि चिमटा तेवढ्याच अस्तरापर्यंत पोहोचला तर अहवालात लिंफोसाइट आणि प्लाझ्मा पेशीच येतात. बुरशीच्या बाबतीतही तसेच घडते. म्हणूनच लिंफोप्लाझ्मासायटिक ऱ्हायनायटिस, म्हणजे या पेशींमुळे ओळखला जाणारा नाकाचा दाह, हे निदान इतर कारणे वगळल्यानंतर उरणारे आहे. हा आजार बहुधा दोन्ही बाजूंना असतो, क्वचित एका बाजूने सुरू होतो. वाढलेले वय, लांब नाक, एकच बाजू, रक्त आणि हाडांची झीज हे सर्व एकत्र आले की आम्ही गाठ आणि बुरशी यांना सहजासहजी यादीतून काढत नाही.

यातही दोन बाजू आहेत. नाकाच्या गाठी सरासरी १० वर्षांच्या आसपास दिसतात आणि त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश कार्सिनोमा प्रकारच्या, म्हणजे अस्तराच्या पेशींपासून होणाऱ्या कर्करोगाच्या, असतात. गाठ पुढे सरकली तर चेहऱ्यावर फुगवटा येतो, डोळा बाहेर ढकलला जातो किंवा अश्रूंचा मार्ग अडून त्या बाजूच्या डोळ्यातून पाणी वाहते. अ‍ॅस्परजिलस बुरशी बहुधा तरुण किंवा मध्यम वयाच्या कुत्र्यांत आढळते, नाकाला हात लावला तरी त्यांना दुखते, आणि नाकपुडीच्या कडेचा काळा रंग जाऊन तेथे व्रण पडतात. मोत्याला यांपैकी काय आहे आणि काय नाही, हे कृपया लिहा.

माझा मुख्य प्रश्न वेगळा आहे. स्कॅनच्या अहवालात कपाळाच्या हाडातील पोकळीविषयी, म्हणजे फ्रंटल सायनसविषयी, काय लिहिले आहे? कधी कधी बुरशीचे थर नाकात नसतात, केवळ या पोकळीत असतात, आणि नेहमीच्या मार्गाने घातलेली दुर्बीण तेथपर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी कपाळाच्या हाडाला लहान छिद्र पाडून आत पाहावे लागते. रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी होकारार्थी आली तर ती महत्त्वाची मानतात, परंतु नकारार्थी आली म्हणून बुरशी नाही असे म्हणता येत नाही.

कारण कळेपर्यंत पोटातून स्टेरॉइड देण्याची घाई मात्र करू नये. बुरशी असेल तर स्टेरॉइडने ती फोफावते, आणि काही गाठींमध्ये तात्पुरती सुधारणा दिसून पुढच्या बायॉप्सीचा अर्थ लावणे अवघड होते.

उंबरठा

विस्तृत उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. मोत्याच्या नाकाच्या कडेचा रंग गेलेला नाही, व्रण नाही, चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो आणि डोळ्यांना काही नाही. तोंडावरून हात फिरवला तर तो उजव्या बाजूला थोडा मागे सरतो. ते दुखण्यामुळे की आता सतत कोणीतरी नाक तपासते याच्या कंटाळ्याने, हे सांगणे कठीण आहे. अहवाल पुन्हा काढून वाचला. त्यात उजव्या फ्रंटल सायनसच्या अस्तराची जाडी वाढल्याचा आणि तेथे ‘द्रवसदृश पदार्थ’ असल्याचा उल्लेख आहे. दुर्बीण तेथे गेली नव्हती.

कोरा कागद

मी थोडे विरुद्ध मत मांडतो, ते कठोर वाटले तर क्षमस्व. आमच्या कुत्र्याच्या नाकात कार्सिनोमा निघाला होता. किरणोपचारांची पूर्ण मालिका काही आठवडे चालते आणि प्रत्येक वेळी भूल द्यावी लागते, हे ऐकल्यावर आम्ही त्या वाटेने न जाण्याचे ठरवले. त्याला पिरॉक्सिकॅम हे दाहशामक आणि वेदनाशामके दिली, आणि उरलेला काळ त्याने घरात, आपल्या नेहमीच्या जागी घालवला. तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. परंतु किरणोपचार नकोत हे आमचे आधीपासून ठरलेले होते, तरीही आम्ही निदानाच्या मागे धावलो, आणि त्यातून आमच्या हाती गाठीचे नेमके नाव तेवढे आले. जे उत्तर ऐकूनही तुम्ही काही वेगळे करणार नाही, त्यासाठी प्राण्याला भूल देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या सासऱ्यांचे म्हणणे मला त्याच अर्थाने पटते.

रानवाट

कोरा कागद, तुमचा नियम मला मान्य आहे, पण या धाग्यात तो उलट दिशेला बोट दाखवतो. गाठ निघाली तर कदाचित उंबरठा काहीच वेगळे करणार नाहीत. बुरशी निघाली तर मात्र सर्वच बदलेल, कारण ती बरी होऊ शकते. तीन शक्यतांपैकी एक जरी उपचाराने जाणारी असेल, तर तपासणी केवळ मनाच्या समाधानासाठी आहे असे म्हणता येणार नाही.

पशुवैद्यक

दोघांचेही म्हणणे योग्य आहे. तपासणीची किंमत तिच्यामुळे कोणता निर्णय बदलेल यावरून ठरते, आणि येथे तो बदलू शकतो. फ्रंटल सायनसमध्ये पदार्थ आहे हे कळल्यावर पुन्हा भूल देण्याचे कारण मला अधिक सबळ वाटते. अर्थात नुसता अडकलेला चिकट स्रावही स्कॅनवर असाच दिसतो, त्यामुळे फार आशा धरू नका.

पूर्वतयारीबाबत काही सांगतो. बुरशीचे थर सापडले तर त्याच भुलीत ते खरवडून काढून क्लोट्रिमाझोल या बुरशीनाशकाचे द्रावण नाकात आणि सायनसमध्ये सुमारे तासभर ठेवता येते. त्या तासात कुत्र्याची कूस ठरावीक वेळाने बदलतात, म्हणजे औषध सर्व भागांना लागते. काही कुत्र्यांना हा उपचार पुन्हा करावा लागतो. पोटातून दिलेल्या इट्राकोनाझोल या बुरशीनाशकाचा परिणाम त्या मानाने कमी आहे. चाळणीसारखे हाड शाबूत असणे हे येथे महत्त्वाचे, कारण ते झिजलेले असेल तर औषध मेंदूपर्यंत जाण्याचा धोका असतो. म्हणून औषध आधीच तयार ठेवावे आणि तुमची संमतीही आधीच घेतलेली असावी, म्हणजे त्यासाठी आणखी एक भूल लागणार नाही. बायॉप्सीचे नमुने अनेक आणि खोलवरचे हवेत, झिजलेल्या हाडांच्या जागेवरून घेतलेले हवेत. चिमटा किती आत जाईल याची मर्यादा नाकपुडीपासून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर मोजून ठरवतात. बायॉप्सीनंतर एकदोन दिवस रक्तमिश्रित शिंका येतात, त्याने घाबरू नका.

आकडे विचारले जातीलच, म्हणून लिहितो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नाकाचा कार्सिनोमा असलेल्या आणि उपचार न घेतलेल्या १३९ कुत्र्यांचे मध्यक आयुष्य निदानानंतर ९५ दिवस होते. नाकातून रक्त येत असलेल्यांमध्ये ८८ आणि रक्त नसलेल्यांमध्ये २२४ दिवस. मध्यक म्हणजे निम्मे कुत्रे त्याहून अधिक जगले. किरणोपचारांनी हा काळ सर्वसाधारणपणे वर्षाच्या आसपास किंवा त्याहून काही महिने अधिक जातो, पण तोंडात व्रण, कातडीचा दाह आणि डोळ्यांचे त्रास ही त्याची बाजूही आहे. केवळ त्रास कमी करण्यासाठी मोजक्या मात्रांचे किरणोपचारही देता येतात, तेव्हा ‘सर्व काही किंवा काहीच नाही’ अशी निवड नसते. एकट्या शस्त्रक्रियेने मात्र या गाठींमध्ये आयुष्य वाढल्याचे दिसत नाही.

कोरा कागद

मोजक्या मात्रांचा पर्याय आमच्यासमोर मांडला गेला नव्हता. तो असता तर आम्ही किमान विचार तरी केला असता, त्यामुळे माझे मत मी थोडे सौम्य करतो. एक मात्र सुचवतो. अमेरिकेतील पशुवैद्यक डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबॉस यांनी प्राण्याच्या जगण्याचा दर्जा जोखण्यासाठी एक मोजपट्टी तयार केली आहे. वेदना, भूक, शरीरातील पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, अशा सात गोष्टींना शून्य ते १० गुण द्यायचे. एकूण ३५ च्या वर असेल तर सांभाळ चालू ठेवणे योग्य मानतात. या पट्टीत श्वासाचा विचार वेदनेबरोबरच केला आहे, आणि नाकाच्या आजारात तोच सर्वांत महत्त्वाचा. आमच्या घरात प्रत्येकाने एकमेकांना न दाखवता गुण लिहिले, तेव्हा भांडणे थांबली, कारण आकडे जवळजवळ सारखेच निघाले. मोत्या ठीक असतानाच हे सुरू करा, म्हणजे पुढे तुलना करता येईल.

उंबरठा

आम्ही पुन्हा भूल देण्याचे ठरवले, आणि त्याआधी सर्वांनी बसून तीन वाक्ये कागदावर लिहिली. बुरशी निघाली तर त्याच भुलीत उपचार करायचे. गाठ निघाली तर पूर्ण मालिका घ्यायची नाही, मात्र त्रास कमी करणाऱ्या किरणोपचारांविषयी तज्ज्ञांशी बोलायचे. पुन्हा दाहच निघाला तर तपासण्या थांबवायच्या आणि आजार आटोक्यात ठेवण्यावर लक्ष द्यायचे. तिसरे वाक्य सासऱ्यांनी सुचवले, आणि खरे तर त्या वाक्यामुळेच ते पहिल्या दोन वाक्यांना राजी झाले. डॉक्टरांना हा कागद दाखवला, तेव्हा त्यांनी तो मोत्याच्या कागदपत्रांना जोडून ठेवला.

उंबरठा

सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, म्हणून निकाल कळवते. कपाळाच्या पोकळीत घट्ट, चिकट स्राव होता, बुरशीचे थर नव्हते. तो स्राव धुऊन काढला. वेगवेगळ्या जागांवरून खोलवरचे नमुने घेतले आणि त्यांतही गाठीच्या पेशी सापडल्या नाहीत. पुन्हा तोच दीर्घकालीन दाह. बुरशीच्या कल्चरमध्येही काही उगवले नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की दाह का झाला हे त्यांना सांगता येत नाही आणि गाठीची शक्यता खूप कमी झाली असली तरी शून्य झालेली नाही. हे ऐकून मला हायसे वाटले आणि रागही आला. राग कोणाचा, हे मला सांगता येणार नाही.

आता डॉक्सिसायक्लिन आणि मेलॉक्सिकॅम हे दाहशामक सुरू केले आहे, नेब्युलायझर चालू आहे. नाकातील माइटसाठीही, म्हणजे नाकात राहणाऱ्या बारीक किड्यांसाठी, एकदा औषध देऊन टाकले, कारण ते किडे दुर्बिणीतून निसटू शकतात आणि उपचार सोपा आहे. स्राव कमी आहे, रक्त सध्या नाही, घरघर आहे तशी आहे. कितपत सुधारणेची अपेक्षा ठेवावी आणि पुन्हा तपासणीचा विचार नेमका केव्हा करावा?

पशुवैद्यक

या आजारात पूर्ण बरे होणे क्वचितच घडते. शिंका आणि स्राव निम्म्याने कमी झाला आणि झोप सलग लागू लागली, तर औषध उपयोगी पडले असे समजावे. डॉक्सिसायक्लिन येथे प्रतिजैविक म्हणून नव्हे, तर दाह कमी करणाऱ्या तिच्या गुणासाठी देतात, त्यामुळे काही आठवड्यांनंतरच मत बनवा. गोळी कोरडी गिळवू नका, अन्नाबरोबर किंवा मागून पाणी देऊन द्या, कारण ती अन्ननलिकेत अडकली तर तेथे व्रण होतो. मेलॉक्सिकॅम चालू असेपर्यंत मूत्रपिंड आणि यकृताची रक्ततपासणी अधूनमधून व्हावी. उलटी, काळी शौच किंवा भूक मंदावणे दिसले तर औषध थांबवून डॉक्टरांना कळवा. मात्र नाकातून रक्त येत असताना ते गिळल्यामुळेही शौच काळी होऊ शकते, हे लक्षात असू द्या. याने भागले नाही तर मास्कमधून हुंगण्याचे फ्लुटिकासोन हे स्टेरॉइड हा पुढचा पर्याय आहे. पोटातून स्टेरॉइड देण्याची वेळ आली, तर आधी मेलॉक्सिकॅम बंद करून मध्ये काही दिवस जाऊ द्यावे लागतात, कारण दोन्ही एकत्र दिल्यास जठरात व्रण आणि रक्तस्राव होऊ शकतो.

तुमच्या कागदावरचे तिसरे वाक्य पाळावे, पण त्याला अपवाद लिहून ठेवा. चेहऱ्यावर फुगवटा, डोळ्याची जागा बदलणे, नाकपुडी पूर्ण बंद होणे, पुन्हा आणि वाढत्या प्रमाणात रक्त येणे, किंवा झटके व वागणुकीत बदल, यांपैकी काहीही दिसले तर नवे स्कॅन करण्यास कारण आहे. रक्त आले तर त्याला शांत बसवा, नाकाच्या वरच्या भागावर थंड कापड ठेवा, मान मागे करू नका आणि नाकपुडीत कापूस कोंबू नका. झोपेतला श्वास मिनिटाला ३० च्या आत असावा. तो रोज एकाच सुमारास मोजून वहीत लिहा, कारण कोरा कागद यांनी सुचवलेल्या गुणांच्या शेजारी हा आकडा असेल, तर पुढच्या भेटीत तुमच्या डॉक्टरांना औषध बदलायचे की तेच ठेवायचे हे ठरवणे सोपे जाईल.

उंबरठा

वही सुरू केली आहे. श्वास मोजण्याचे काम सासऱ्यांनी स्वतःकडे घेतले आहे आणि अपवाद कागदावर लिहिले आहेत. पुढच्या रक्ततपासणीनंतर मेलॉक्सिकॅमचे काय ठरते, ते येथेच कळवीन.